हॉर्नचा फ्यूज

दुसरबीड सोडलं आणि देवानंदची गाडी आचके देत बंद पडली. बॉनेट उघडून पाहतो तर इंजिनात पेट्रोल चढवणाऱ्या पंपाचा फ्यूज उडालेला. जवळ दुसरा नव्हता, आणि बायकोला, समताला, बारा वाजायच्या आत देऊळगाव राजाला नोकरीवर रुजू व्हायचं होतं. त्यानं हॉर्नचा फ्यूज उपटला अन् पंपाच्या जागी खोचला.

"हॉर्नचा काऊन काढून राह्यले? पुढं वळणंच वळणं हायेत."

"रस्त्यावर एक कुत्रं तरी दिसून राह्यलं काय तुले?"

पहिल्याच वळणावर हॉर्न वाजला. रस्ता मोकळा होता.

देवानंदनं उतरून पाहिलं. हॉर्नच्या फ्यूजची जागा रिकामीच होती. मग त्यानं हॉर्नची वायरही ओढून काढली. दुसऱ्या वळणावर हॉर्न पुन्हा वाजला. या खेपेला लांब, समोरचं कोणी बाजूला होईना म्हणून वाजवावा तसा.

"वाजू द्या त्याले," समता हळूच म्हणाली. "कोणाले तरी सांगून राह्यला तो."

हे ऐकून तर देवानंदचं डोकंच फिरलं. त्यानं पान्यानं हॉर्न खोलला आणि बाभळीत भिरकावून दिला.

तिसरं वळण आलं. हॉर्न वाजला नाही.

"पाह्य," देवानंद म्हणाला, आणि पुढची चाकं कशावर तरी चढून अलगद खाली उतरली. काहीतरी मऊ होतं. त्यानं करकचून ब्रेक दाबला.

समोर, मागं, रस्ता उन्हात मोकळाच पडला होता. दोघंही हलली नाहीत.

मागची चाकं अजून त्याच्यावरून जायची होती.