टाचेची परीक्षा

“शिडी चढणार म्हणजे चढणार!” घड्याळबाबांनी मुलाला ठणकावलं. “हाडं माझी, मनोरा माझा.”

चौऱ्याहत्तराव्या वर्षीही मनोऱ्यावरच्या घड्याळाला किल्ली द्यायला ते स्वतः चढत.

“सभागृहात हाडांची तपासणी आहे,” मुलगा म्हणाला. “यंत्राने होकार दिला तर खुशाल चढा. नाही दिला तर मनोऱ्याच्या दाराची चावी माझ्याकडे.”

“यंत्र मला सांगणार? उभा जन्म यंत्रांना मी सांगत आलोय!”

पण गेले. सभागृहात फक्त नंबर चालत होते. बिल्ल्यावरचा नंबर सांगायचा, बिल्ला बुटात खोचून बूट दाराशी ठेवायचे आणि उघडी टाच यंत्रात घालायची.

बाबांच्या पुढे व्यायामशाळेचे उस्ताद होते. वय तेच, पण मांड्या खांबासारख्या. बाबा त्यांच्यापुढे अगदीच काडीपैलवान.

“काय काडेपेटी, वारा सुटला तर धरू का?”

“धरायला वाकावं लागेल उस्ताद. तुमचं पोट मध्ये येईल.”

रांग खो खो हसली.

तपासणी झाल्यावर उस्ताद आतच रांगेला दंड दाखवत रेंगाळले. बाबांनी दाराशी बूट घालायला अंमळ जास्तच वेळ लावला. ‘कंबर धरली वाटतं,’ दाराबाहेर उभा मुलगा मनात म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी बिल्ला घेतला, त्या नंबरचा कागद काढला. “आजोबा, हाड बरंच विरळ झालंय. मोठ्या यंत्रावर पक्की तपासणी करून घ्या. औषधं आहेत, घाबरू नका. पण तोवर शिडी बंद.”

“शक्यच नाही!”

“बाहेरून कळत नाही हो. आतून पोखरतं.”

“पुन्हा तपासा!”

“सकाळपासून साठ जण झाले, आजोबा. यंत्र ठीक आहे.”

शेजारच्या टेबलावर उस्तादांनी मांडीवर थाप मारली. “ऐकलंत? लोखंड आहे म्हणे! चला, आजच दोन मण उचलतो.”

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. मुलाने हळूच हात पुढे केला.

“द्या चावी, बाबा.”

बाबांनी तोंड उघडलं, मिटलं. एरवी समोरच्याला वाक्य पुरं करू न देणारा माणूस.

“अहो बाबा, बोला ना काहीतरी!” मुलगा म्हणाला.

काय बोलणार? मघाशी दाराशी वाकून आपला बिल्ला उस्तादांच्या बुटात आणि उस्तादांचा आपल्या बुटात त्यांनीच तर सरकवला होता.