थडग्यावरचा कौल

ह्वे शहराबाहेरच्या राजथडग्यावर थुयेननं भर दुपारी महाराजांच्या श्राद्धाचं ताट मांडलं. महाराज जेवले का, हे विचारून तिनं दोन नाणी उडवली. एक छापा, एक काटा पडला की होकार. होकाराशिवाय ताट उचलायचं नसतं.

दोन्ही काटे पडले. पुन्हा उडवली, तरी तेच.

"वहिनी, मीठ जास्त पडलं असणार तुझ्या हातून," नणंद दियेप हसली.

"गप गं! महाराज, तुम्ही आलात ना?"

दोन्ही काटे.

थुयेन गोंधळली. "म्हणजे... तुम्ही इथं नाहीतच?"

एक छापा, एक काटा.

दियेपचं हसू मावळलं. "अगं, मग हे सांगतंय कोण?"

थुयेननं तेच विचारून नाणी उडवली.

दोघी फरशीकडे बघत राहिल्या. नाणी खाली आलीच नाहीत.