शेवटच्या थेंबापर्यंत

नातवाच्या खुनावर माहितीपट काढणारी दिग्दर्शिका माझ्यासमोर कॅमेरा लावून बसली होती. माझी सून तुरुंगात आहे. धडधाकट पोराला आजारी ठरवून ती वर्षभर त्याला औषधाच्या नावाखाली विष देत होती.

"आजी, एक कोडं सुटत नाही. आईच्या हातचं औषध तो थुंकून टाकायचा, असं नर्स सांगते. मग ते पोटात गेलं कसं?"

"तिला कुठला जुमानायचा तो!" मी ताठ मानेने म्हणाले. "शेवटी पेला माझ्याच हाती द्यायची. 'आजी, नको ना' म्हणायचा; पण मी डोळे वटारले, की काय बिशाद होती त्याची! शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचा."

बोलून झाले, तेव्हा कुठे माझे शब्द माझ्या कानांवर पडले.