मुशाबहत

पासपोर्ट कचेरीचं इंग्रजी पत्र मुठीत धरून हलीमाबी उर्दू शाळेच्या मास्तरांसमोर बसली होती. हजच्या यादीत नाव लागलं आणि मागोमाग हे पत्र आलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मास्तर एका शब्दावर अडले. त्यांनी डिक्शनरी काढली.

"रिसेम्ब्लन्स. यानी मुशाबहत."

"मास्टर, किताब मत पढो. पोलीस तो नहीं आती ना?"

"कायकू आती? शक्ल मिलने को मुशाबहत बोलते. ये फोटो तुमसे मिलता नहीं, इतनाच लिखा है. नया मंगते."

हलीमाबीचा जीव भांड्यात पडला. मग तिने पत्रासोबत परत आलेला फोटो नीट पाहिला. देवीचे वण गायब, रंग दुधासारखा. स्टुडिओवाल्याने न विचारता केलेला उद्योग. स्थळांना दाखवायच्या फोटोतही हेच झालं होतं, निकाहच्या फोटोतही. उभ्या जन्मात ज्याला त्याला तिचं तोंड पुसायची घाई. तिचं आहे तसं तोंड पहिल्यांदा मागितलं कुणी, तर सरकारी कचेरीने.

ती तडक स्टुडिओत गेली आणि स्टुलावर ठाण मांडून बसली.

"फिर निकाल. एक दाग भी कम हुआ, तो यहाँ से उठती नहीं."

"खाला, अच्छा दिखने के वास्ते किया था," म्हणत त्याने सवयीने पावडरचा डबा पुढे सरकवला.

तिने तो मागे सरकवला. "अल्ला तो मेरेकू पहचानताच है. अब साहब कू भी पहचानने दे."