बेल होईपर्यंत

"पंचवीस मिनिटं, बाबा. बेल होईपर्यंत हाक मारायची नाही." दुपारी दोनला स्वयंपाकघरातला टायमर फिरवून मी परीक्षेच्या अभ्यासाला बसले. शाळेत तास संपेपर्यंत कुणाला जागचं हलू न देणारे माझे बाबा खुशीत हसले.

गणितं भराभर सुटत गेली. इतकं लक्ष कधी लागलंच नव्हतं. मान वर केली तेव्हा खोलीतलं ऊन गेलं होतं. टायमरचा काटा सात मिनिटांवर अडकला होता आणि भिंतीवरच्या घड्याळात पावणेसहा वाजले होते. बाबांनी चारचा चहासुद्धा मागितला नव्हता.

मी त्यांच्या खोलीकडे धावले. त्यांचा पलंग रिकामा होता. बाथरूममध्ये ओल्या फरशीवर ते पडले होते, डोळे उघडे, ओठ निळसर.

"हाक का नाही मारलीत, बाबा?"

"बेल कुठे झाली अजून?" ते पुटपुटले.