बगळ्यांचा परिच्छेद

कालवांचा रस्सा निवत चालला होता, पण हॅलॉकचे कान शेजारच्या टेबलाकडे लागले होते. ओहायोहून न्यूयॉर्कला आलेले एक पाद्रीबाबा बायकोला ‘वेदरबी आणि हॅलॉक’ पेढीचं गिऱ्हाइकांना जाणारं बाजारपत्र वाचून दाखवत होते. हॅलॉकनेच लिहिलेलं.

एका रेल्वेचे रोखे पेढीच्या गळ्यात पडले होते. त्या रेल्वेचे रूळ दलदलीत जाऊन संपत. “गवगवा होण्याआधी माल खपवा,” भागीदार वेदरबी म्हणाला, आणि हॅलॉकने एका बैठकीत पत्र लिहून दिलं. आज सकाळी शेवटचा रोखाही खपला.

“जिथे आज बगळे उभे आहेत,” पाद्रीबाबा सावकाश वाचत होते, “तिथे उद्या गव्हाची कोठारं उभी राहतील.”

बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. “माणूस खरा आहे हो. लबाडाला बगळे सुचले नसते.”

हॅलॉकने चमचा खाली ठेवला. आपलं लिखाण त्याने दुसऱ्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आणि खरंच, दलदल काय, आज ना उद्या आटणारच. गहू कुठल्या तरी रेल्वेने जाणारच.

तो उठून त्यांच्याजवळ गेला. “तुमच्याकडे या रेल्वेचे रोखे असतील तर विकता का? चार पैसे जास्त देतो.”

पाद्रीबाबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. “विकू कशाला? तुम्ही हे पत्र वाचलेलं दिसत नाही.”

हॅलॉकने टोपी घातली आणि तडक रोखेबाजार गाठला.

दुपारी वेदरबी हसत हसत पेढीवर आला. “ऐकलंत का? आपण विकलेले रोखे कुणी गाढव चढ्या भावाने गोळा करतोय.”

हॅलॉकने टेबलावरचं बाजारपत्र त्याच्यापुढे सरकवलं.

वेदरबीचं हसू हळूहळू मावळलं. “तुम्ही नाही ना?”

“तुम्ही पत्र नीट वाचलंत का, वेदरबी? तो बगळ्यांचा परिच्छेद?”

“अहो, मीच लिहायला लावलंय ते तुम्हाला.”

“तरी एकदा वाचा.”

वेदरबी खुर्चीत बसला, चष्मा लावला, वाचू लागला. मध्येच त्याच्या भुवया सैल झाल्या, नजर खिडकीबाहेर कुठेतरी लांब गेली. मग एकदम दचकून त्याने कागद पालथा घातला आणि त्यावर हात दाबून धरला.

“पुढच्या आठवड्यापासून पत्र मी लिहीन,” तो म्हणाला. “माझी भाषा वाईट आहे.”