नणंदेनं वाचलेली ओळ

"वीस सेकंद!" स्कॅनचा टेक्निशियन दारातूनच ओरडला. "काल एका पेशंटचे फोटो साठवायला चार मिनिटं लागत होती. आज वीस सेकंद! मॅडम, तुमच्या हाताला काय गुण आहे हो?"

मॅडम म्हणजे भावजय. हॉस्पिटलच्या सर्व्हर रूममध्ये लागून तिला तीन महिने झाले होते. शेजारच्या खुर्चीवर नणंद. तिची सोळा वर्षं याच खोलीत गेलेली.

"गुण कसला," भावजय म्हणाली. "डिस्क तेवढ्या नीट लावल्या. पाया ताईंनीच घातलेला."

"पायाकडे कोण बघतंय!" टेक्निशियन म्हणाला आणि गेला.

नणंद हसली. हसू ओठांवर आलं आणि तिथंच वाळलं. घरी आई सुनेचे गोडवे गायची, ते तिनं गिळलं होतं. घर शेवटी सगळ्यांचं. ही खोली मात्र तिची एकटीची होती. ही पंख्यांची घरघर, हा गार वारा, ही दिव्यांची कपाटं.

भावजय चहाला गेली तशी तिनं रात्री बदललेल्या सेटिंगची फाइल उघडली.

फोटो डिस्कांच्या एका गटावर, नोंदी दुसऱ्या गटावर. आधी दोन्ही एकाच गटावर होतं, आणि एका ओट्यावर दोघींनी रांधावं तशी डिस्कांची धांदल उडायची. भावजयीनं वेगळी चूल मांडून दिली होती. सोपं होतं. इतकं सोपं, की आपल्याला सोळा वर्षांत का सुचलं नाही, हे नणंदेला कळेना. धान्यातले खडे वेचावेत तशी ती एकेक ओळ खाली उतरत गेली. एक तरी खडा असणारच.

होता. शेवटून तिसरी ओळ : बॅटरी नसली तरी चालवा.

फोटो आला की यंत्र तो आधी आपल्या मेमरीत धरतं, "साठवला" म्हणून कळवून टाकतं आणि डिस्कवर सावकाश उतरवतं. वेग येतो तो त्यातून. मधेच लाइट गेली तर मेमरीतलं राखायला आत एक छोटी बॅटरी असते. या यंत्रातली बॅटरी केव्हाच मेली होती. म्हणून तर नणंदेनं ती सोय कधी चालू केली नव्हती.

तिनं ती ओळ पुन्हा एकदा, चवीनं वाचली.

तेवढ्यात वायरमन डोकावला. "ताई, बाराला जनरेटरची चाचणी आहे. लाइट घटकाभर जाईल. यूपीएस दुरुस्त केलाय, पण त्याचा काय नेम! मागल्या वेळी त्यानंच मान टाकली."

"बरं," ती म्हणाली.

अकरा चाळीस. वीस मिनिटं नुसतं गप्प बसायचं होतं. बोट उचलायचीही गरज नव्हती. उद्यापासून कुणी वीस सेकंदांचं नाव काढलं नसतं.

काचेपलीकडे एका म्हातारीला स्कॅनला आत नेत होते. तिची लेक चालता चालता तिच्या पायांवरची चादर सारखी करत होती.

भावजय दोन कप घेऊन आली. "ताई, तुमचा चहा."

"बॅटरीची ओळ काढ."

"कुठली?"

"शेवटून तिसरी. आतली बॅटरी मेलेली आहे, आणि बाराला लाइट जाणार आहे. मेमरीत जे असेल ते जाईल."

भावजयीचा चेहरा उतरला. "मेलेली आहे हे मला कोण सांगणार होतं?"

"विचारलंस कुणाला?"

भावजयीनं कप खाली ठेवले. "राग मानू नका ताई, पण सकाळपासून तुम्ही माझ्यावर जळताय."

"जळतेय," नणंद म्हणाली. "जळतेय म्हणून तर एकेक ओळ वाचली. कौतुक करणाऱ्यांतल्या एकानंही वाचलेली नाही."

भावजय खुर्ची ओढून बसली आणि तिनं ती ओळ काढली. मेमरीतलं डिस्कवर उतरू लागलं. म्हातारीचे फोटो मागून आले आणि थेट डिस्कवर गेले. शेवटचा फोटो उतरला तेव्हा बाराला दोन मिनिटं होती.

बाराला लाइट गेली. यूपीएसनं एक किंकाळी फोडली आणि मान टाकली. पंखे थांबले. अंधारात दोघींना एकमेकींचा श्वास ऐकू आला.

मग दिवे आले, कपाटं पुन्हा घरघरू लागली. यंत्र उठून बसायला दहा मिनिटं गेली. म्हातारीचे फोटो एकूण एक जागेवर होते.

पुढच्या पेशंटचे फोटो येऊ लागले तशी नणंदेची नजर घड्याळावर खिळली. मघाची ओळ आता नव्हती. मेमरीची उधारी नव्हती. परत चार मिनिटं लागावीत, असं तिला वाटलं. अगदी मनापासून वाटलं.

एक मिनिट दहा सेकंद.

हा वेग मात्र वेगळ्या चुलीचा होता. त्यात खडा नव्हता.

"मॅडम, विसाचे सत्तर झाले की हो!" टेक्निशियन दारातून म्हणाला. "पण असू द्या. ताईंच्या चार मिनिटांपेक्षा झकास!"

तो गेला. नणंद तशीच बसून राहिली. आता भावजय वळेल, हसेल, निदान एक टोमणा मारेल, म्हणून तिनं वाट पाहिली. भावजय खाली मान घालून नव्या बॅटरीचा मागणीअर्ज भरत होती.

ती हसली नाही.

तेवढं तरी तिनं करायचं होतं, म्हणजे नणंदेला जळायला कारण उरलं असतं.